चौथीच्या धड्यातलं नाव

डिपोटी येणार अशी वर्दी आली की आमच्या घरात जेवण गोड लागत नसे. हे शाळेचे मुख्य मास्तर आणि मी त्याच शाळेत खालच्या वर्गांची बाई, त्यामुळे धास्ती दोघांनाही. फरक एवढाच की हे गप्प बसत आणि मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवीत असे. माझा स्वभावच तसा. मनात आलं की ओठावर आलंच.

ही एकोणीसशे तीसच्या थोडी आधीची गोष्ट. कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव, आणि शाळा सातवीपर्यंतची. डिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे सरकारी साहेब. वर्षातून एकदा येत आणि चौथीची परीक्षा स्वतः घेत. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकच पुस्तक आणि एकाच तऱ्हेचे प्रश्न. वाचन, शुद्धलेखन, पाढे, तोंडचे हिशेब आणि कुलाबा जिल्ह्याचा नकाशा. त्यातही वाचन सगळ्यांत कडक. वाचनात जो अडला तो बाकीच्यांत पहिला आला तरी नापास. ऐन परीक्षेच्या तोंडावर शेतात वालाच्या शेंगा तयार होत आणि निम्मा वर्ग खुडणीला जाई. मग मी बांधावर जाऊन पोरांना गोळा करी आणि तिथेच पावकी-निमकीचे पाढे म्हणवून घेई. शेंगा खुडायच्या तर खुडा, तोंड तर मोकळं आहे ना!

त्या वर्षी चौथीत एकच मुलगी होती. गावातल्या एका शेतकऱ्याची थोरली लेक, दहा वर्षांची, आदल्या वर्षी लग्न झालेली. सासर लोधिवलीकडचं, सासरा तिथला पोलीस पाटील. नवरा तिच्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणजे तोही पोरच. तिने तो लग्नात पाहिला तेवढाच. पोरगी अंगाने काटकुळी, बोलायला कमी, पण हिशेबात मुलग्यांना मागे टाकणारी. मोठी होऊन काय करणार, असं मी एकदा सहज विचारलं. म्हणाली, "बाई व्हनार. तुमच्यासारखी. पन वरडनार नाय."

संक्रांतीला सासरा व्याह्याकडे आला आणि म्हणाला, पोरगी आता घरी नेतो. बाप बिचारा धावत आमच्याकडे आला. हे गेले, पाटलांशी गोडीने बोलले, सुपारी खाल्ली, आणि एवढं पदरात पाडून आले की परीक्षेपर्यंत थांबायचं. सायबानं नापास केली तर वैशाखात नेणार. पास झाली तर, पाटील म्हणाले, बघू. मला त्या 'बघू'चा असा राग आला! पण नापासाचं बोलणं पक्कं होतं आणि पासाचं निदान उघडं होतं. मी यांना म्हटलं, "तिला पास करायची. मग पुढचं पुढे."

शाळा सुटली की ती आमच्या ओटीवर यायला लागली. शुद्धलेखन बिनचूक. हिशेब मी सांगायच्या आत तयार. वाचायला बसली तेव्हा मात्र गाडं अडलं. पुस्तकात मधोमध एका राजपुत्राचा लांबलचक धडा होता. ती वाचायची, "एकदा तो शिकारीला गेला." पुस्तकात 'तो' नव्हता, राजपुत्राचं नाव होतं. "नीट बघ," मी म्हटलं. तिने नीट बघितलं आणि पुन्हा 'तो' वाचलं. दुसऱ्या ओळीत तेच, चौथ्या ओळीत तेच. मला वाटलं कंटाळा करते. मग वाटलं जोडाक्षर येत नाही. मी ओरडले, पुस्तक जमिनीवर आपटलं. पोरगी रडली नाही की हलली नाही. खाली मान घालून बसली.

तिला न्यायला आलेली तिची आई पायरीवर उभी होती. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "बाई, तिला रागं भरू नका. तिच्या दादल्याचं नाव हाय ते."

मला आधी हसूच आलं. मग पुस्तक उचलून पाहिलं तर दर दोन ओळींनी ते नाव. हसू तिथेच जिरलं.

"अगं, हे गोष्टीतलं नाव," मी तिला म्हटलं. "हा राजपुत्र. तुझा नवरा नव्हे."

"नाव तेच हाय ना?"

"तेच आहे. घेतलंस तर काय होईल?"

"त्यांचं आयुष्य कमी व्हतं," तिने पाढा म्हणावा तसं सांगितलं.

"असलं काही नसतं."

"मंग तुमी घेता का मास्तरांचं?"

झालं! दुसरीच्या वर्गात यांच्याच नावाचा एक मुलगा होता. हजेरी घेताना मी त्याला "तू रे, खिडकीजवळचा" असं म्हणत असे, आणि सगळ्या शाळेला ते ठाऊक होतं. मी शिकलेली, परीक्षा पास झालेली, पगार घेणारी बाई. आणि नवऱ्याचं नाव घेण्याची माझीही छाती नव्हती.

रात्रभर चडफडले. दुसऱ्या दिवशी हे कामासाठी कर्जतला गेले होते. मी पोरीला घरात बोलावलं, समोर बसवलं आणि यांचं नाव घेतलं. आवाज असा निघाला की माझा मलाच ऐकू येईना. पोरगी म्हणाली, "लई हळू घेतलंत." मग घेतलं मोठ्याने. कान तापले, आणि गंमत म्हणजे बरंही वाटलं. "बघ," मी म्हटलं, "काही झालं का?" तिने दाराकडे बघितलं. म्हणाली, "मास्तर येऊं देत."

मास्तर आले ते कुडकुडतच. संध्याकाळपर्यंत अंग नुसतं भाजत होतं. हिवताप आमच्या बाजूला घरोघरी, त्यात नवल काहीच नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी देवापुढे जाऊन नाक घासलं, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी पोरगी ओटीवर आली, घोंगडीखाली दात वाजवणाऱ्या मास्तरांकडे तिने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक न उघडताच घरी गेली. गावात बातमी व्हायला वेळ लागतो थोडाच! विहिरीवर बायका मला बघून एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या तेव्हा पोस्टात मिळत, त्या आणल्या, पेज भरवली. ताप जरा उतरल्यावर हे घोंगडीतून म्हणाले, "माझं नाव घेतलंस म्हणे?"

"घेतलं. मग?"

"मग काय? पुन्हा घे. नाहीतर ती पोर म्हणेल, बाईच घाबरल्या."

"आधी उठून बसा," मी म्हटलं. "मग घेते शंभरदा."

आणि घेतलं. हे पाटावर बसून पेज पिताहेत, पोरगी समोर, आणि मी यांचं नाव घेतेय. हे हसले आणि त्यांना ठसका लागला तेवढाच. मला वाटलं, जिंकलं. पण पोरगी कुठली ऐकायला! म्हणाली, "मास्तर तुमच्या डोळ्यांम्होरं हायेत. ताप आला त औषध देता येतं. ते लांब तिकडं. मी हितं नाव घेतलं न तिकडं त्यांना काय झालं, त मला कोन सांगंल?"

पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. मी ठरवलं, रोज तोच धडा वाचून घ्यायचा. जीभ आहे, एक ना एक दिवस ओघात घसरेल. तिची जीभ घसरली नाही. नाव आलं की थांबे, त्या शब्दावर बोट टेकवी आणि पुढे जाई. रोज तेच पान उघडून उघडून पुस्तकाची शिवण मात्र तिथे ढिली झाली.

परीक्षेचा दिवस उजाडला. शाळा सारवली, दाराला आंब्याचे टहाळे लावले, मुलं तेल चोपडून बसली. डिपोटी कर्जत स्टेशनवरून छकड्यातून आले. आणि त्यांच्यामागून, आमंत्रण नसताना, पोलीस पाटील. फेटा नवा, बंडीला चांदीच्या गुंड्या. "म्हटलं, सुनेची परीक्षा बगावी," असं म्हणत ते पुढच्या खुर्चीवर बसले. येताना रस्त्यात भेटेल त्याला सांगत आले होते, सून सायबाम्होरं वाचनार हाय. नवऱ्याचं नाव घ्यायचं तेच मुश्कील, त्यात आता सासऱ्यादेखत!

मुलग्यांची परीक्षा झाली. मग तिचा नंबर लागला. सासरा समोर म्हणून तिने डोक्यावरून पदर घेतला होता. पाढे झाले, हिशेब झाले, नकाशावर तिने उल्हास नदी उगमापासून बोट फिरवून दाखवली. साहेब खूश. म्हणाले, "पुस्तक आण." तिचंच पुस्तक त्यांनी हातात घेतलं, टेबलावर सोडलं, आणि ते आपोआप उघडलं. कुठे उघडणार? मी महिनाभर जिथे उघडायला लावलं होतं तिथेच. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

ती वाचू लागली. आवाज स्वच्छ. नावापाशी आली, थांबली, बोट टेकवलं.

"पुढे?" साहेब म्हणाले.

तिचं बोट तिथेच.

"हा शब्द येत नाही?"

येतो, अशी तिने मान हलवली. मग खडू उचलला आणि फळ्यावर ते नाव लिहिलं. वळणदार, ऱ्हस्व-दीर्घासकट. तिला हे सुचलं कधी, कोण जाणे! मला तर नव्हतं सुचलं.

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. "अक्षर छान आहे," म्हणाले. "पण ही वाचनाची परीक्षा. तोंडाने वाचलं पाहिजे." हे पुढे होऊन कारण सांगू लागले, तेव्हा साहेबांनी हात वर केला. "मास्तर, समजलं मला. माझ्याही घरी बायकामाणसं आहेत. पण कालच पलीकडच्या शाळेत एका शब्दावर अडला म्हणून मी एकाला नापास केलं. हिला वेगळा न्याय कसा देऊ?" आणि त्यांनी टाक दौतीत बुडवला.

पाटील खुर्चीत चुळबुळ करीत होते. फळ्यावर मुलाचं नाव, टेबलावर साहेबाचा टाक, आणि रस्ताभर केलेल्या बढाया. शेवटी खाकरून म्हणाले, "घे म्हनावं तिला नाव. माजी परवानगी हाय."

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने मान वर केली नाही. सासऱ्याशी सुनेने थेट बोलायचं नसतं, म्हणून ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, मामंजींना इचारा. मी नाव घेते. पन सातवी व्हईपरेंत मला ह्या शाळंतनं काढायचं नाय. पास झाल्यावर बगू, असं नाय. आत्ता सांगायचं, सगळ्यांम्होरं."

पाटील हाताच्या अंतरावर बसलेले, त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलेलं. तरी रीत म्हणून मी त्यांच्याकडे वळून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

पाटलांनी फळ्याकडे बघितलं, साहेबांच्या टाकाकडे बघितलं. मग मलाच म्हणाले, "तिला सांगा बाई, सातवीपरेंत. सायेब साक्षी हायेत."

मी वळून तिला सांगितलं. तिने पुस्तक उचललं आणि ते नाव घेतलं. मोठ्याने. मग पुढची ओळ, पुन्हा नाव. साहेब "पुरे" म्हणाले तरी ती थांबेना. धड्यात जितक्या वेळा ते नाव होतं तितक्या वेळा तिने ते वाचलं आणि धडा संपल्यावरच पुस्तक मिटलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

साहेबांनी पास लिहिलं. मुलं बाहेर ओरडत सुटली. मला वाटलं ही उड्या मारत येईल. ती भिंतीला टेकून उभी होती, हात बर्फासारखे गार. माझा पदर धरून म्हणाली, "बाई, तिकडं ते बरे हायेत का, ह्ये कवा कळंल?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिचा विश्वास तसूभरही ढळला नव्हता. माझ्या सगळ्या शिकवण्याचा, यांच्या उतरलेल्या तापाचा तिच्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता. माणूस मरेल असं धरून चालूनच तिने ते नाव घेतलं होतं.

मी तशीच धावत रस्त्यावर गेले आणि पाटलांची गाडी अडवली. "घरी गेल्या गेल्या उलटा निरोप धाडा," मी म्हटलं, "मुलगा बरा आहे म्हणून." पाटील आधी चक्रावले, मग त्यांना उमगलं. त्यांनी मान डोलावली.

निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पोरगी सकाळपासून आमच्या ओटीवर बसून होती, घासभरही खाल्लं नव्हतं. गडी म्हणाला, "पाटलांनी सांगितलंय, पोरगा आंब्यावर चढलाय, हाका मारल्या तरी उतरत नाय." ते ऐकलं आणि ती गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडली. मी तिला रडू दिलं. मग ती उठली, रांजणावर जाऊन तोंड धुतलं आणि पाचवीचं पुस्तक मागितलं.