डॉक्टरांचा अंगठा

नेवाशात चेहऱ्यावरून माणूस कुणीही ओळखेल; हिरड्यांवरून ओळखणारा एकच, आमच्या कॉलनीतले दातांचे डॉक्टर. बाजारात कुणी नमस्कार केला, की यांची नजर थेट दाताच्या मुळाशी. म्हणून त्यांच्यासमोर अख्खी कॉलनी ओठ मिटून हसते. दवाखान्याच्या फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले. लाईट गेली की तेवढे पांढरे दिसतात, आणि डॉक्टर त्यांच्याशीच हळू आवाजात बोलत बसलेले असतात.

दात आणि हिरडीमधली खाच मोजायला मिलिमीटरच्या रेघांची बोथट टोकाची सळई असते. "सर, सळई सगळ्यांकडं सारखीच. हात कुणाचा सारखा?" असं मला सांगायचे, आणि दर पेशंटआधी एका वेगळ्या सळईनं स्वतःचा अंगठा दाबायचे, डोळे मिटून. नुसतं जाणवलं की बास. तेवढाच दाब हिरडीला.

गेल्या वर्षी सगळ्यांच्याच हिरड्यांची खाच खोल निघायला लागली. कुकाण्याची एक आजी तर भांडलीच, "परवा तर चांगल्या हुत्या! तुमी मोजता का उकरता?" डॉक्टरांनी नव्या सळया आणल्या. तरी तेच. एका संध्याकाळी मला म्हणाले, "गावाखाली काहीतरी हाय, सर. दातांना खालून ओढतंय."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी.; भुताखेतांना उभं करत नाही. सळया मी शिकवतो त्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन व्हर्नियरवर तपासल्या. रेघा चोख. मग मात्र मलाही आपले दात हलल्यासारखे वाटायला लागले.

शेवटी मीच खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी डोळे मिटले, अंगठा दाबला आणि वाट बघत राहिले. टोक रुतत गेलं, कातडी पांढरी पडली, मग तिथं लाल थेंब उभा राहिला. ते अजून वाट बघतच होते.

"डॉक्टर, रक्त."

त्यांनी डोळे उघडले, आणि परक्याचा असावा तसा तो अंगठा बघितला. शुगर बोटं बधिर करते हे जन्मभर पेशंटला रागावून सांगितलेलं, आणि तीच आता स्वतःच्या बोटांत शिरलेली. कापसानं थेंब पुसला. मग म्हणाले, "म्हंजे ओढणारा मीच व्हय?"

आता ठरलेल्या दाबाला आपोआप थांबणारी सळई आणलीय. आजीच्या हिरड्या पहिल्याच तपासणीत वर आल्या; "आता कसं हाताला वळण लागलं!" म्हणून तिनं शाबासकीही दिली. डॉक्टर ओठ मिटून हसले.

पेशंट संपले की कधीकधी मला हाक येते. जुनी सळई माझ्या अंगठ्यावर टेकवून ते डोळे मिटतात, हळूहळू दाबतात.

"सांगा, सर."

"बास."

"एवढंच?"

"एवढंच."

हात तिथंच थांबतो. बराच वेळ ते सळई उचलत नाहीत. मीही अंगठा काढून घेत नाही.