उजवीकडची पट्टी

जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज झेपेना, म्हणून मी लिनक्स घातलं. त्यात प्रोग्रॅम उघडायच्या छोट्या चित्रांची पट्टी पडद्याच्या डावीकडे होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या बायकोला, सुधाला, डावीकडे काही आहे हेच जाणवत नाही.

"अहो, आपले फोटो गेले का सगळे?"

"नाही गं, आहेत."

लिनक्समध्ये अख्खा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, बदलता येतो, हे मला नुकतंच कळलं होतं. मी दुसरा निवडला आणि त्यातली पट्टी उजवीकडे आणली. सुधाने लगेच फोटो उघडले. ते होते तिथेच होते. मांडणी तेवढी बदलली होती.

आजारपणात सुधा हरवली, असं मी धरून चाललो होतो. ती आत शाबूतच असेल, मीच डावीकडून हाका मारत असेन. मी खुर्ची उचलली आणि तिच्या उजव्या हाताशी जाऊन बसलो.