गालातली खोली

वडगावच्या विणकरांत भरमूइतका रुंद चेहरा दुसरा नव्हता. गालाची हाडं अशी, की सुपारी फोडायला अडकित्ता सापडला नाही तर लोक त्याला हाक मारत. सासऱ्यानेही म्हणे तोंडवळा बघूनच मुलगी दिली, हाडापेराचा माणूस म्हणून. हाडाच्या आत काय आहे हे कोण बघतो!

चौतीस साली त्याची वरची दाढ दुखायला लागली आणि बाजारातल्या एका दात काढणाऱ्याने ती उपटली. दुसऱ्या दिवशी चहा नाकातून आला. त्याचं भरमूला हसूच आलं. घाम फुटला तो मागावर. धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेत, सुताची नवी कांडी घातली की तिचं सूत धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. विणकर भोकाला ओठ लावून जोरात ओढतो आणि सूत जिभेवर येतं. भरमूने ओढलं. नाकातून वारा आला, सूत काही आलं नाही.

लष्करी कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरने गाल ताणून पाहिला. "वरच्या दाढांच्या डोक्यावर प्रत्येकाला हवेची एक खोली असते," तो म्हणाला. "रुंद चेहऱ्यात ती बहुधा ऐसपैस. तुझ्या दाढेची मुळं तिच्या जमिनीतच रोवली होती. दाढ आली ती जमीन घेऊन." त्याने टाका घातला आणि बजावलं, महिनाभर तोंडाने काहीही ओढायचं नाही.

हे म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. जयाबाई, त्याची बायको, सूत ओढून देते म्हणाली, तर याला लाज. बायकोच्या तोंडावर माग चालवतो, असं गल्ली म्हणेल! वर रोज सकाळी, जखम भरली का बघायला, हा शहाणा सूत ओढूनच बघायचा. टाका उसवला. डॉक्टर भडकला. दुसरा टाका घालताना म्हणाला, "हा शेवटचा. पुन्हा फाटलं तर टाक्याला मांस उरणार नाही. जन्मभर असाच राहशील."

म्हणजे माग गेला. भरमू घाबरला, अगदी आतून घाबरला.

घरी येऊन तो मागाशी नुसता बसून राहिला. जयाबाई देव्हाऱ्यापाशी गेली आणि वाकवलेली पितळी तार घेऊन आली. त्यांच्या घरातून दर वर्षी सौंदत्तीच्या देवीला एक लुगडं जायचं. देवीला उष्टं सूत चालत नाही, म्हणून त्या एका लुगड्याचं सूत या तारेने ओढायचं. एरवी तारेला हात लावायचा नाही, ही घरची रीत.

"ह्येनं वडा," ती म्हणाली.

"अगं, देवीची हाय ती!"

"व्हय. पाप लागलं तर मला लागू दे. तुमी तोंड मिटून बसा."

तारेने काम लई हळू. भरमू चिडायचा, पण तोंड मिटून. जखम भरली. डॉक्टरने परवानगी दिली त्या दिवशी त्याने धोट्याला ओठ लावले, सूत जिभेवर आलं आणि त्याला रडू आलं.

मागावर तारेनेच सुरू केलेलं लुगडं अर्ध्यावर होतं. ती उष्टी कांडी बाजूला ठेवून ते मात्र त्याने शेवटपर्यंत तारेनेच सूत ओढून विणलं. तार धुऊन देव्हाऱ्यात ठेवली. लग्नापासून जयाबाईने मागाच्या कांड्या भरल्या होत्या, आणि नेसली होती बाजारातलं जाडंभरडं. लुगडं उतरवून त्याने तिच्यापुढे ठेवलं.

"देवीला कवा पाठवायचं?" तिने विचारलं.

"नेस," भरमू म्हणाला.