पूजेला ठेवलेलं पॅराशूट

मी काशीत, दुर्गाघाटाजवळच्या एका गल्लीत बसून विमानातून उड्या मारणाऱ्या लोकांच्या शंका सोडवते. हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, तुम्ही कधी मारलीत का उडी? नाही मारली. मारणारही नाही. बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरतानासुद्धा मी भिंतीचा आधार सोडत नाही. पण न्हाव्याला टक्कल असलं म्हणून कोणी त्याच्याकडे जायचं थांबत नाही, तसंच हे.

आमची कंपनी परदेशातली. ती पॅराशूट बनवत नाही, पॅराशूट ज्यात राहतं ते बनवते. अंगावर चढवायच्या पट्ट्यांना हार्नेस म्हणतात आणि पाठीवरच्या दप्तराला कंटेनर. दप्तरात दोन पॅराशूट असतात, एक रोजचं आणि एक राखीव. रोजचं नीट उघडलं नाही तर ते सोडून द्यायचं आणि छातीवर डावीकडे असलेलं धातूचं हँडल ओढून राखीव उघडायचं. ते हँडल जागेवरून निघून हातात येतं. यायलाच हवं. एवढं कळलं की माझी निम्मी नोकरी कळली.

उरलेली निम्मी नोकरी म्हणजे 'चालेल' न म्हणणं. लोक फोटो पाठवतात आणि विचारतात. कुत्र्याने पायाचा पट्टा चावला, पण थोडासाच, चालेल का? दप्तर वॉशिंग मशीनमध्ये धुतलं, चालेल का? उन्हाळाभर गाडीच्या डिकीत राहिलं, चालेल का? फोटो बघून चालेल म्हणायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. रिगरला दाखवा म्हणायचं, म्हणजे पॅराशूट तपासून त्याची घडी घालायचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याला. मराठी बाईला हे किती जड जातं म्हणून सांगू! आपलं घरच मुळी या एका शब्दावर चालतं. चहा गार झालाय, चालेल. पाहुणे दोनाचे पाच झालेत, चालेल. त्यात राहायला बनारस, जिथे छत गळत असलं तरी मिस्त्री वर बघून 'हो जाई' म्हणतो आणि पान लावायला निघून जातो. सुरुवातीला मी दाताखाली जीभ धरून बसायची. आता सवयीने इतकी खमकी झाले आहे की घरातसुद्धा कोणी मला चालेल का विचारायला धजत नाही.

अपवाद फक्त आबा. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, घरातलं सर्वांत मोठं माणूस. आयुष्यभर पौरोहित्य केलं, आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, पण हात काही स्वस्थ बसत नाहीत. लाल धाग्याचं रीळ सतत जवळ. इथे त्या धाग्याला कलावा म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या स्कूटरला, फ्रिजच्या दाराला, गॅसच्या सिलिंडरला, इंटरनेटच्या डब्याला, आबांनी धागा बांधला नाही अशी वस्तू घरात सापडणं कठीण. इंटरनेट बंद पडलं की ते आधी धागा शाबूत आहे ना ते बघतात आणि मगच कंपनीला फोन करायची परवानगी देतात. मी चिडते, पण खरं सांगायचं तर त्या धाग्यांची मला माया आहे. प्रत्येक गाठीमागे आबांची कुणाची ना कुणाची तरी काळजी असते.

गेल्या नवरात्रात माझी नणंद मुलीला घेऊन माहेरी आली. ही भाची पुण्यात नोकरी करते आणि उड्या मारायला शिकली आहे. नुकतंच तिने स्वतःचं हार्नेस-कंटेनर घेतलं होतं, तेही आमच्या कंपनीचं. ते मीच तिच्या गळ्यात मारलं असा घरात समज आहे. मी फक्त मापं कशी घ्यायची ते सांगितलं होतं. इथूनच ती मध्य प्रदेशात एका शिबिराला जाणार होती, आपल्या नव्या दप्तरासह पहिली उडी मारायला. नणंदेचा जीव टांगणीला लागला होता. मुलीला नाही म्हणवेना आणि हो म्हणायचा धीर होईना, म्हणून तिने सगळा भार आबांवर टाकला. आबा हो म्हणाले तर जा, नाही तर नाही. आणि भाचीने ते कबूल केलं. तिला आबा आमच्या सगळ्यांपेक्षा प्यारे.

आबांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. पण एका अटीवर. खंडेनवमीला घरातली हत्यारं आपण पूजेला ठेवतो, त्यांत हिचं दप्तरही ठेवायचं. एरवी पूजेतल्या वस्तूला दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हात लावत नाही, पण हिची गाडी नवमीच्याच संध्याकाळची. मग आबांनी तोडगा काढला. दप्तर जाऊ दे, पूजा त्याच्यासोबत जाईल, उत्तरपूजा ते इथून करतील. "पूजा तुझ्या पाठीवर चालू राहील, काय परेशानी आहे?" म्हणाले.

नवमीच्या सकाळी पाटावर सुरी, कात्री, विळी, नवऱ्याचा पेचकस आणि माझा लॅपटॉप मांडला होता. लॅपटॉप पूजेला ठेवायचा म्हणून मी हक्काने रजा टाकली होती. दप्तर मात्र मी वेगळ्या पाटावर, कोऱ्या चादरीवर ठेवलं आणि आबांना नियम सांगितले. हळदकुंकू लावायचं नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, पाणी शिंपडायचं नाही, उदबत्ती जवळ आणायची नाही.

"अगं, मग पूजा करू कशी? फोनवरून?" आबांनी विचारलं.

शेवटी दप्तरासमोर एक शेवंतीचं फूल ठेवण्यावर तह झाला. मी जिंकल्याच्या तोऱ्यात स्वयंपाकघरात गेले. धागा मला सुचलाच नाही. हवा घरभर असते म्हणून कोणी तिची यादी करत नाही, तसं आमच्याकडे आबांच्या धाग्याचं.

मी आत असताना भाचीने आबांना कौतुकाने दप्तर उघडून दाखवलं. राखीव पॅराशूटची कळ, म्हणजे हँडल ओढलं की सुटणारी पिन, ज्या झडपेखाली असते तीही. तिथे रिगर एक लाल धागा बांधून त्याला छोटं सील लावतो, म्हणजे त्याच्यानंतर कोणी हात लावलेला नाही हे कळावं. आबांनी तो लाल धागा पाहिला आणि त्यांना भरून आलं.

"म्हणजे त्यांच्यातही बांधतात!" ते म्हणाले. मग जरा जवळून बघून म्हणाले, "पण किती कंजुषी! एकच पदर?"

हे सगळं मला दुपारी कळलं, जेवणं झाल्यावर भाचीने हाक मारली तेव्हा. "मामी, जरा बघ ना." तिचा तो स्वर मी ओळखला. रोज परक्या देशातली माणसं माझ्याशी त्याच स्वरात बोलतात. ती दप्तरापाशी उकिडवी बसली होती. छातीवरच्या त्या धातूच्या हँडलमधून लाल धागा हार्नेसच्या पट्ट्याभोवती घेतलेला होता, एकावर एक वेढे, आणि वर आबांची खास गाठ, जी आम्ही कुणीही आजवर सोडवू शकलेलो नाही.

"ते सैल लागलं म्हणे त्यांना," भाची म्हणाली. "निघून पडेल म्हणून कसून बांधलं. उत्तरपूजेपर्यंत काढायचा नाही असा शब्द घेतलाय त्यांनी माझ्याकडून, आणि माझी उडी त्याआधीच, उद्या सकाळी. मामी, एक धागाच तर आहे. जोरात ओढला तो टूट ही जाएगा ना?"

"नाही."

"बरं, तिथे विमानात चढण्याआधी कोणीतरी तपासतंच. ते बघतील आणि कापतील. मी थोडीच कापला मग!"

माझा पारा चढला. कोणीतरी बघेल, या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक जाते. ज्याने बघायचं तोही मनात तेच म्हणत असतो. मी तिला ताडताड बोलले, तिचे डोळे भरले, मग माझेही. या पोरीला मी फ्रॉकमध्ये पाहिलेलं. तिच्या छातीवर जे येणार ते हँडल असं बांधलेलं. माझा राग तिच्यावर नव्हता, आबांवरही नव्हता, भीतीच ती.

गुपचूप कापून टाकणं सोपं होतं. पण मग आबांना काहीच कळलं नसतं, आणि पुढच्या खेपेला त्यांनी दुप्पट वेढे घातले असते. शिवाय भाची शब्द मोडून गेली असती, आणि वर जाताना मनात ते घेऊन गेली असती. मला दोन्ही नको होतं.

मी आबांच्या खोलीत गेले. ते आडवे झाले होते. मी नुसतंच सांगितलं असतं तर त्यांनी "काही होत नाही" म्हणून कूस बदलली असती. म्हणून मी म्हटलं, "आबा, तुमचा धागा पक्का आहे ना? माझ्या मनात शंका आहे."

आबा ताडकन उठून बसले. "पक्का म्हणजे? हत्तीला बांध!"

मी पितळी पळी खिडकीच्या गजाला धरली आणि त्यांनाच बांधायला लावलं, सकाळी बांधला तसाच, तितकेच वेढे, तीच गाठ. मग म्हटलं, आता पळी ओढून दाखवा. आबांनी एका हाताने ओढली. मग दोन्ही हातांनी. मग पाय भिंतीला लावून, तोंड लाल होईपर्यंत. नणंद दारात येऊन "अहो आबा, पडाल!" म्हणून ओरडायला लागली. धागा तसूभर हलला नाही. आबांनी पळी सोडली आणि लहान मुलासारखं माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस? तुटत नाही!"

"हो ना," मी म्हटलं. "आणि तिला तर हे हँडल ओढून काढायचंय. राखीव उघडायचं झालं तर. एका हाताने, खाली पडता पडता. त्या लोकांचा धागा एकपदरी आहे, कारण तो तुटावा म्हणूनच बांधलेला असतो."

आबांचं हसू तिथेच राहिलं, पण डोळ्यांतून ते गेलेलं मला दिसलं. त्यांनी गजावरच्या गाठीवरून बोट फिरवलं. धागा बांधताना जो मंत्र म्हणतात, त्यात धाग्याला बजावायचं असतं की हलू नकोस. आयुष्यभर त्यांनी तो हजारो मनगटांवर म्हटला असेल.

"मी त्याला हलू नकोस म्हणून बसलो," ते हळूच म्हणाले. "पोरीच्या जिवाची दोरी, आणि मी तिला हलू नकोस म्हटलं."

मला त्यांची फार दया आली. काही तरी गोड बोलावंसं वाटलं, चालेल आबा, होतं असं. पण तेवढा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, आणि बरंच झालं, कारण आबा तोवर उठून उभे राहिले होते. त्यांच्यातला भटजी जागा झाला होता.

"उत्तरपूजा आत्ता करू," ते म्हणाले. "देव हलवले की पूजा संपली. पूजा संपली की धागा मोकळा. मुलीचा शब्दही राहिला."

"पण आबा, नवमीलाच?" नणंदेने विचारलं.

"गाडी आज आहे ना? मग मुहूर्त आज आहे. मी सांगतो ना!"

उत्तरपूजेत मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, म्हणजे देवाला निरोप दिला असं धरतात. आबा सोवळं नेसले, त्यांनी मंत्र म्हटले, माझ्याकडे एक करडी नजर टाकून अक्षता दप्तरावर न टाकता समोर जमिनीवर टाकल्या आणि दोन्ही हातांनी दप्तर उत्तरेकडे जरासं सरकवलं. मग गाठ सोडवायला बसले. ती त्यांनाही सुटेना. नखांनी झालं, दातांनी करायला मी देईना. शेवटी स्वतःच्याच गाठीवर वैतागून त्यांनी पाटावरची कात्री मागितली. कात्री भाचीने धरली, बोट घालून धागा पट्ट्यापासून दूर मी धरला, म्हणजे पट्ट्याला पातं लागू नये. आबांनी फक्त "काप" म्हटलं. त्यानंतर मी आणि भाचीने सगळं दप्तर इंच इंच तपासलं, आणि तरीही शिबिरात पोचल्याबरोबर रिगरला दाखवायचं असं तिच्याकडून वदवून घेतलं. या वेळी तिने हुज्जत घातली नाही. रिक्षा मिळते त्या मैदागिनच्या चौकापर्यंत ती दप्तर पाठीवर घेऊन चालत गेली, आणि गल्लीतल्या पोरांनी विचारलं, दीदी, डोंगरावर चाललीस का?

आता तिच्या उड्यांची घराला सवय झाली आहे. नणंद त्या दिवसांत उपास करते, पण जेवणाच्या वेळेला व्हिडिओ बघते. आबा अजूनही सगळ्या वस्तूंना धागे बांधतात, फक्त बांधण्याआधी विचारतात, "ही हलायची वस्तू आहे की न हलायची?" स्कूटरच्या ब्रेकवरचे त्यांनी स्वतःच काढून टाकले.

पण मला आठवतो तो त्या पहिल्या उडीच्या सकाळचा फोन. दसरा होता. रिगरने दप्तर बघून ठीक आहे म्हणून सांगितलं होतं आणि भाची विमानाकडे निघाली होती. मी फोन आबांसमोर धरला. नणंद माझा दंड घट्ट पकडून उभी होती. मागे इंजिनाचा आवाज येत होता, म्हणून आबा ओरडूनच बोलत होते.

"हँडल बघितलंस?"

"हो आबा."

"मोकळं आहे?"

"एकदम."

"कुठे गाठ नाही ना राहिली? नीट बघ. कुठेच नाही ना?"

"कुठेच नाही, आबा."

आयुष्यभर गाठी मारत आलेल्या त्या माणसाने डोळे मिटले आणि हात वर केला, जणू ती समोरच वाकली होती.

"मग मार उडी," आबा म्हणाले.