दादाला शहरात आणलं

मी आज जो काही आहे, तो शेवंतावहिनींमुळं. बारावीनंतर फुलंब्रीहून शिकायला निघालो, तेव्हा स्टँडवर दादा नुसता माझी पिशवी धरून उभा होता. बोलल्या त्या वहिनीच. "भाऊजी, मागं बघू नका. शिकूनच या." आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझा डबा रोज सकाळच्या एसटीनं शहरात यायचा, तोही त्याच पाठवायच्या.

पदवी झाली, नोकरी लागली, शहराच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. दारापुढं थोडी जागा मोकळी ठेवली. तुमच्यापैकी जे गाव सोडून आले, त्यांना ठाऊक असेल, घर बांधलं की गावाकडचं माणूस येऊन बसल्याशिवाय ते आपलं वाटत नाही. दादा मात्र "पेरणी झाली की येतो, सोंगणी झाली की येतो," करत राहिला. गेल्या उन्हाळ्यात तो गेला.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राख घरात न्यायची नसते, म्हणून गाठोडं बांधावरच्या लिंबाला टांगलं. आमचे चुलते, आबा म्हणाले, "उद्या समदं पैठणला. गोदावरीत."

वहिनी पदर खोचून उठल्या. "अस्थी न्या. राख माझी हाय. त्यांच्याच वावरात खड्डा करून सीताफळ लावणार."

"त्याला मुक्ती नगं व्हय?"

"मुक्तीला अस्थी दिल्या की!"

आबा माझ्याकडं वळले. "तू शिकलेला. सांग हिला."

सगळे माझ्याकडं बघत होते. आबांचा शब्द मोडायची घरात पद्धत नव्हती. पण दादाला सगळाच वाहून जाऊ द्यायचंही नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी म्हणतात तसंच करू. आणि वहिनी, थोडी राख मलाही द्या. माझ्या दारातही रोप लावतो."

आबांनी कपाळावर हात मारला. "घ्या! एकीला समजवायला गेलो, तर येडे दोन झाले."

त्या दुःखातही वहिनी हसल्या. निघताना त्यांनी बजावलं, "तिकीट काढा त्यांचं. आन् वाटंनं एकेक गाव त्यांना सांगत जावा, न्हाईतर मागं राहतील."

एसटीत मी दोन तिकिटं मागितली. कंडक्टर म्हणाला, "दुसरं कोण?"

"भाऊ." मी मांडीवरचं गाठोडं दाखवलं.

त्यानं दोन तिकिटं फाडून दिली. मागच्या सीटवरच्या आजीबाई म्हणाल्या, "आरं मग खिडकीकडं बसव की त्याला."

बसवलं. कंडक्टरनं शेवटपर्यंत तिथं कुणाला बसू दिलं नाही. मी सांगत होतो, दादा, चौक्याचा घाट आला बघ. दादा, हर्सूल आलं. आनंद मनात मावत नव्हता. दादा अखेर माझ्या घरी येत होता!

वहिनींना फोन केला की त्या आधी रडतात, म्हणून पत्रच पाठवलं:

"ती. वहिनींस सा. न.

दादा सुखरूप पोचला. स्टँडवर उतरल्यावर रिक्षा करून त्याला क्रांती चौकही दाखवला. गर्दी बघून तो म्हणाला असता, एवढी माणसं जेवतात कुठं? दारातला खड्डा मीच खणला. खाली मुरूम लागला, हाताला फोड आले, पण रोपानं जीव धरलाय. काल ऑफिसात नव्या माणसानं विचारलं, गाव कुठलं? इतकी वर्षं मी फुलंब्री सांगत आलो. काल तोंडातून 'इथलंच' निघून गेलं. रागावू नका. तुमच्या रोपाला मात्र काट्यांचं कुंपण घाला. शेळ्या काही दादाला ओळखणार नाहीत."