पंडितनं पुस्तकं का चाटली

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी हिंगणीला आमच्या ओसरीवर मी जे पाहिलं, त्यानं माझं डोकंच फिरलं. पुस्तकांच्या पेटीचं झाकण उघडं, आणि समोर आमचा पंडित... दोन पायांत एक पुस्तक धरून त्याची पाठ चाटत बसलेला. डोळे मिटून, अगदी समाधीत.

पंडित म्हणजे आमचा कुत्रा. मी बी.ए.चा अभ्यास करायचे तेव्हा हा माझ्या पुस्तकांवर हनुवटी टेकून झोपायचा, म्हणून हे नाव. चार वर्षांत त्यानं एका पानाला दात लावला नव्हता. आणि आता एकदम पाच पुस्तकं! पाठी सोललेल्या, कोपरे चावलेले. आमची दुसरी, म्हातारी कुत्री राणीसुद्धा, जी ऊन सोडून हलत नाही, ती एक पुठ्ठा घेऊन तुळशीमागे बसली होती.

ही पेटी वर्ध्याच्या एका वाचनालयाची. तीस पुस्तकं, तीन महिन्यांसाठी. गावातल्या शाळेत नोकरीला लागल्यापासून मी तिच्यासाठी अर्जांवर अर्ज केले होते. दुपारी बायका ओसरीवर जमतात, मी वाचते, त्या ऐकतात... गोष्ट अर्ध्यावर थांबली की मला घरात जाऊ देत नाहीत, माझ्याच घरात! अट एकच होती. पुस्तकं धड परत आली तरच दुसरी पेटी. आणि परत करायची होती शुक्रवारी.

बाबांना तर विषयच मिळाला. "घरात पहिली बी.ए. झाली पोरगी," ते ओसरीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "अन् पुस्तकं कुत्रा वाचून राह्यला!"

मी पंडितला गोठ्यात बांधलं आणि शाळेत गेले. तो असा रडत होता की तिसरीच्या वर्गापर्यंत ऐकू येत होतं. मुलं हसत होती. मी फळ्याकडे तोंड करून उभी... त्याचाही राग आणि स्वतःचाही.

मधल्या सुट्टीत घरी आले तर आई आपल्या ताटातली भाकरी त्याला भरवत होती. "माय, लाडावून ठेवू नको त्याला," मी ओरडले. एरवी उलट चार शब्द ऐकवणारी आई ताट उचलून चुलीकडे निघून गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुपारी बायकांना परत पाठवून मी पुस्तकं सारखी करायला बसले. पहिलं नाकाजवळ नेलं आणि... तुपाचा वास! पुस्तकाला तुपाचा वास कुठून येणार? उघडलं. आतली सुटी झालेली पानं कुणीतरी खळीनं चिकटवली होती. अगदी निगुतीनं, कडा जुळवून. फक्त त्यातलं एक पान उलटं होतं. दुसऱ्या पुस्तकात दोन उलटी. पाचही पुस्तकांत तेच.

आमच्या घरी न वाचता येणारं माणूस एकच.

मी पुस्तक घेऊन चुलीशी गेले. आईनं वर पाहिलंच नाही.

"पानं गळून राह्यली होती," ती म्हणाली. "तूच म्हनली, पेटी बिघडली तं दुसरी भेटनार नाई. तू काल शाळेत गेलती, तवा केलं. वर वरवंटा ठेवला होता, चांगलं चिकटावं म्हनून, अन् झाकन उघडंच राह्यलं."

"अन् तूप काऊन टाकलं?"

"टाकलं नाई वं. बेरीच्या गंजात कनिक शिजवली. म्हटलं, खळ बुडाले लागनार नाई."

तूप कढवल्यावर तळाशी बेरी राहते, त्या भांड्यातली ती खळ! बिचारा पंडित करणार तरी काय?

"आणि पानं उलटी गं?"

"मले काय माहीत वर कोनतं, खाली कोनतं? मले दोनीकडून मुंग्याच दिसते."

मी चिडायला तोंड उघडलं आणि चिडताच येईना. आठ महिने मी गावभर साक्षरतेवर बोलते आहे. पाटीवर बायकांचे हात धरून गिरवून घेते. आई रोज दाराशी तांदूळ निवडत ऐकत बसते... आणि मी तिच्या हातात एकदाही पाटी दिली नाही. तिनं मागितली नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं.

शुक्रवारी मोटारीनं पेटी वर्ध्याला नेली. इंग्रजीत लिहिलेला माफीचा अर्ज पिशवीतच राहिला. तिथल्या वयस्कर क्लार्कना मी सगळं खरंच सांगून टाकलं. त्यांनी एक पुस्तक उलटं धरून ते पान शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "ही पाच परत न्या अन् नीट करून आणा. दुसरी पेटी मंगच भेटेल. अन् आईले सांगा, खळीत मोरचूद टाकत जा, कीड लागत नाई."

मोरचूद म्हणजे विष, आणि आमच्याकडे दोन चाटू कुत्री! मग आम्ही कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात खळ केली. पंडितनं हुंगली, शिंकला आणि निघून गेला. मी आईला पानांवरचे आकडे दाखवले, म्हटलं, आकडा नेहमी डोक्याशी. दोन दिवसांत ती आकडे ओळखायला लागली, आता माझ्याच चुका काढते.

ती पाच पुस्तकं नीट करून पोचवली, आणि दुसरी पेटी काल आली.

एक उलटं पान मात्र निघालं नाही. आईनं ते इतकं घट्ट बसवलंय की ओढलं तर फाटेल. या पेट्या जिल्हाभर फिरतात, तेव्हा मैत्रिणींनो, ते पुस्तक कधीतरी तुमच्याही गावी येईल. ते पान आलं की रागावू नका... पुस्तक फिरवा आणि वाचा. माझ्या आईनं चिकटवलंय ते.