चंबूला हवा देणारे पंपकाका

पंपकाका सायकलचा पंप पुढ्यात घेऊन असे ऐटीत बसत, की पंक्चर काढायला आलेल्या माणसाला दुकान हेच वाटावं. पण ती होती वर्ध्याच्या आमच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. काका तिथले परिचर. मी तिथे शिकवता शिकवता स्वादुपिंडावर प्रबंध लिहीत होते. पन्नास सालानंतरची ती वर्षं. नागपूरच्या माझ्या मार्गदर्शकांकडे प्राणवायूचा सिलिंडर होता, माझ्याकडे काका होते.

काका सकाळीच खाटकाकडून बकऱ्याचं ताजं स्वादुपिंड थंड मिठाच्या पाण्यात घालून आणत. वस्तऱ्याने त्याचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप करत. माझे काप जाड यायचे, म्हणून वस्तरा ते मला देतच नसत. मग ते काप कोमट पाण्यात ठेवलेल्या दोन चंबूंत जायचे. लहान आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक निघतं, ते स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला सांगतं. त्या अस्तराचा अर्क मी दोन्ही चंबूंत घाली. हवा मात्र एकाच चंबूला. काका पंपाने फुटबॉलचा ब्लॅडर भरत आणि ब्लॅडरातून नळीवाटे बुडबुडे सुटत. दर दहा मिनिटांनी मी दोन्ही चंबूंतला एकेक थेंब आयोडीन घातलेल्या पिष्टाच्या पाण्यात टाकायची; मी वर्गावर असले की थेंब काका टाकत आणि नोंद लिहून ठेवत. निळा रंग उडाला की समजायचं, रस सुटला.

हवेच्या चंबूचा रंग भराभर उडायचा. दुसऱ्याचा निळाच्या निळा. मी पानभर कारणमीमांसा लिहिली होती. काकांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "हुकूम तं दोघायलेही भेटला, बाई. पण अंगात दम नसन तं काम कोण करन?" माझ्या प्रबंधाचा सारांश याहून चांगला मला आजही लिहिता येणार नाही.

कॉलेजात येण्याआधी ते सिंदीच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होते. बावीस वर्षं रुईच्या धुळीत काढलेली. खोकल्याबद्दल विचारलं की म्हणत, "जुनी रुई आहे, निघन हळूहळू." मी हसायची. जीवशास्त्र शिकवणारी बाई मी, आणि हसायची! दिवसाला तीन-चार तास तो माणूस बकऱ्याच्या मांसाला श्वास पुरवत होता आणि त्याचा स्वतःचा श्वास मोजायचं मला सुचलं नाही.

एका हिवाळ्यात मला शोध लागला. हवेच्या चंबूतला रस चाळीस मिनिटांनी एकाएकी थांबला, आलेखावरची रेघ खाली आली, आणि तासाभराने तो पुन्हा सुरू झाला. त्याच आठवड्यात दोनदा तसंच घडलं. मी हरखून गेले. पेशी संप्रेरकाला कंटाळतात, विसावा घेतात आणि पुन्हा ऐकू लागतात, असा सिद्धान्त मी रचला आणि मार्गदर्शकांना लांबलचक पत्र लिहिलं. ते पाकीट काकांच्या हाती देऊन म्हटलं, पोस्टात टाका. काका पाकीट घेऊन उभेच राहिले.

"याच्यात त्या आलेखाचं लिवलं काय, बाई?"

"हो. का?"

"मंग हे नका धाडू. तो शोध नाई. मी थांबलतो."

मला काही कळेना. ते खाली बघत म्हणाले, "दम लागला होता. पंप मारनंच होये ना. तुमी वर्गावर गेलत्या, मनलं बाईले कायले सांगा. पण कागदावर खोटं नको जाऊ देऊ."

आधी मला संताप आला, आणि तो काकांचा नव्हे, हातचा शोध गेल्याचा आला. हे कबूल करायला मला पुढे बरीच वर्षं लागली. मग मी आलेख पुन्हा पाहिला. ती खाली आलेली रेघ काकांच्या छातीची होती. तोंडाने त्यांनी जे कधी सांगितलं नाही, ते बकऱ्याच्या स्वादुपिंडाने नोंदवून ठेवलं होतं.

मी अर्ज-विनंत्या करून सिलिंडर मिळवला. तो रेल्वेने आला. काकांनी कॉक उघडला, बुडबुडे बघत बसले आणि म्हणाले, "हा काई थकत नाई." मी त्यांना खुर्ची दिली. त्यांना ती आवडली नाही. पंप मात्र ते रोज पुसून ठेवत.

पुढच्या थंडीत ते चार दिवस आले नाहीत. ताप आहे, असा निरोप होता. मी चंबू स्वतः धुतले, जाड काप केले आणि मनातल्या मनात चिडले. पाचव्या दिवशी दुपारी प्रयोग आटोपून बाहेर पडले, तर फाटकावर शिपायाने सांगितलं, पंपकाका सकाळीच गेले.

रुळांपलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, तिच्याखाली काकू बसलेल्या. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "सकाऊन लई धाप लागली. शेजारचा मने, कॉलेजातून बाईची हवेची टाकी आनतो. यायनंच जाऊ नाई देलं. मने, आज बाईचा प्रयोग आहे, मधात थांबला तं आकडा खोटा येते."

त्या दिवशीचा आकडा अगदी बरोबर आला होता. प्रबंधात तो आहे. ते पान मी पुन्हा उघडलेलं नाही.